पार की सोपो? को-वर्किंगच्या जागेसाठी वळणदार बैठक घडवताना

काही वर्षांपूर्वी पुण्यात बाणेरमधल्या एका को-वर्किंग जागेसाठी मी एक बैठक केली. अर्धवर्तुळाकार, पाठीमागे कुंडीत मोठं झाड, आणि जमिनीतूनच वर आल्यासारखा सलग आकार. नकाशावर मी तिच्यावर दहा माणसं बसवली होती. फोटोही झकास आले. महिन्याभराने सहज डोकावलो तर सहा जण लॅपटॉप घेऊन बसलेले, सातवा कॉफीचा कप घेऊन उभा, आणि त्याला "सरकतो जरा" म्हणायची कुणाचीच तयारी दिसेना. बैठक भरलेली होती. दहाची बैठक सहा माणसांत भरली होती.

हिशेब माझाच चुकला होता. पाठीच्या रेषेची त्रिज्या १२० सेंटिमीटर आणि पाठीसकट बैठकीची खोली ७५, म्हणजे पुढची कड १९५ सेंटिमीटर त्रिज्येवर. अर्धवर्तुळाची ती कड भरते जवळपास ६१२ सेंटिमीटर. माणशी ६० धरले की दहा जण. पण माणूस कडेवर फक्त गुडघे ठेवतो. खांदे आणि कोपरं पाठीजवळ असतात, आणि तिथे वर्तुळ लहान झालेलं असतं. पाठीची रेषा ३७७ सेंटिमीटर, खांदे तिच्या पंधराएक सेंटिमीटर पुढे धरले तर सव्वाचारशे. त्यात सहा माणसं मावतात, फार तर सात.

तेव्हापासून कुठलीही वळणदार बैठक काढताना मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो: हा पार आहे की सोपो?

गावातला पार सगळ्यांना माहीत आहे. वडाभोवतीचा गोल ओटा, माणसं बाहेर तोंड करून बसतात. पाठीला पाठ, पण नजर प्रत्येकाची वेगळीकडे. एकमेकांच्या शेजारी बसूनही बोलायची सक्ती नाही. सोपो हा गोव्यातला. जुन्या घरांच्या दारातल्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीत, समोरासमोर बांधलेली दोन बाकं असतात, ते सोपे. तिथे बसलं की समोरच्याचे गुडघे दिसतात आणि तोंड उघडावंच लागतं. बाहेर फुगलेलं वळण म्हणजे पार, आत वळलेलं म्हणजे सोपो. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ साली रुग्णालयांच्या वॉर्डांचा विचार करताना माणसांना जवळ आणणाऱ्या आणि लांब ठेवणाऱ्या रचनांना वेगवेगळी नावं दिली; आपल्याकडे ती विटा-मातीत आधीच होती.

दोन्ही एकाच बैठकीत गुंफता येतात. बार्सिलोनाच्या पार्क ग्युएल या बागेतलं वास्तुविशारद गौदीचं नागमोडी बाक हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. शंभर मीटरहून लांब, फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनी मढवलेलं, आणि ते तुकड्यांचं काम बरंचसं त्याचे सहकारी जोसेप मारिया जुजोल यांचं. फोटोत रंग दिसतात. पण प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट अशी की आत वळलेल्या प्रत्येक खणात एक टोळकं बसतं आणि दोन खणांमधल्या फुगवट्यावर एकटा माणूस. एकाच बाकावर दोन्ही सोयी.

आधी एक दिवस नुसतं बघा

पेन्सिल उचलण्याआधी त्या जागेत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बसा. दर अर्ध्या तासाने नकाशाच्या झेरॉक्सवर ठिपके मारा: कोण कुठे बसलं, कुठे तोंड करून, किती वेळ, हातात काय. मालक सांगेल की लोकांना "कोलॅबोरेशन" हवंय. ठिपके बहुधा सांगतील की लोकांना फोनवर बोलायला कोपरा हवाय, डबा खायला जागा हवीय आणि भिंतीला पाठ लावून काम करायचंय. पुण्यात आणखी एक गोष्ट मोजा: हेल्मेटं. प्रत्येक दुचाकीस्वाराबरोबर एक हेल्मेट आणि एक पाठपिशवी येते, आणि जागा केली नाही तर ती दोन्ही शेजारच्या माणसाच्या जागेवर बसतात. माझ्या त्या बैठकीवर सातवा उभा राहण्याचं निम्मं कारण हेच होतं.

दिवसाअखेर तीन-चार वापर ठरवा आणि प्रत्येक वापराला एक वळण द्या. एकट्याने लॅपटॉपवर काम: बाहेर फुगलेलं. तीन-चार जणांची चर्चा: आत वळलेलं, लहान त्रिज्येचं. पंधरा मिनिटांचा आराम: खोल, जवळजवळ सरळ.

छेद आधी, नकाशा नंतर

शिल्पासारखी बैठक म्हटली की सगळे वरून दिसणारा आकार काढायला बसतात. वरून फक्त ड्रोन बघतो. माणूस बसतो तो छेदात, म्हणजे बैठक सुरीने उभी कापली तर जी रेषा दिसेल तिच्यात. म्हणून आधी किमान तीन छेद काढा आणि मग एका छेदातून दुसऱ्यात आकार हळूहळू वाहता ठेवा. शिल्प त्या वाहण्यातूनच तयार होतं.

लॅपटॉपवर काम करायच्या छेदात पुढच्या कडेची उंची ४० ते ४२ सेंटिमीटर ठेवा. ही माणूस बसल्यावर फोम दबून राहणारी उंची. कोरी बैठक दोन-तीन सेंटिमीटर जास्त लागते. पाठीपर्यंतची मोकळी खोली ४८ ते ५० पुरते. परदेशी कॅटलॉगमधले बरेच सोफे ६० सेंटिमीटर किंवा त्याहून खोल असतात. आपल्याकडच्या बऱ्याच बायका त्यावर पाठ टेकवून बसल्या की पाय लोंबकळतात, आणि पाय टेकवले तर पाठ सुटते. बैठकीचा मागे उतार ३ ते ५ अंश, बैठक आणि पाठ यांच्यातला कोन १०० ते १०५.

आरामाच्या छेदात कड ३७-३८ वर आणा, खोली ५५ पर्यंत न्या, कोन ११० पर्यंत उघडा. यात लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करू नये असंच वाटलं पाहिजे. माझं मत असं की एकाच छेदात काम आणि आराम दोन्ही बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

तिसरा छेद आपला खास: मांडी घालून बसायचा. पाठ नसलेला, ७५ ते ८० सेंटिमीटर खोल, सपाट, थोडा कडक. ऑफिसात लोक चपला काढून मांडी घालतातच. आपण जागा दिली नाही तर कामाच्या सोफ्यावर वाकडे होऊन घालतात. इथे एखादा लोड ठेवला तर उत्तमच.

आता टाचांबद्दल, कारण हे हमखास विसरलं जातं. उठताना माणूस पाय मागे, बैठकीच्या खाली ओढतो. दगडासारखा जमिनीपर्यंत सलग आकार केला तर टाचा आदळतात, उठायला झोका घ्यावा लागतो, आणि खालच्या कापडावर बुटांचे काळे पट्टे उमटतात. खालची बाजू ८ ते १० सेंटिमीटर आत घ्या. सरळ खाच नको असेल तर पुढचा पृष्ठभागच आत झुकवा. आकार उलट हलका दिसतो, जमिनीवर तरंगल्यासारखा. आणि निदान दोन जागांवर हाताला धरायला कडक कड द्या. साठीच्या माणसाला गुबगुबीत ढगातून उठणं जमत नाही.

पाठीची उंचीही छेदातच ठरते. एवढ्या बैठकीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ११० ते ११५ सेंटिमीटरवर असते. पाठ ७५-८० वर थांबवली तर सगळी खोली दिसते. १२५ पर्यंत नेली तर बसलेल्याला आडोसा मिळतो, उभा माणूस मात्र वरून बघू शकतो. डॅनिश वास्तुविशारद आर्ने याकोबसेन यांनी १९५८ मध्ये कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी केलेली एग खुर्ची याच युक्तीवर उभी आहे: गजबजलेल्या लॉबीत उंच, गोल पाठीने प्रत्येकाला स्वतःची खोली दिली. फोनवर बोलणाऱ्यासाठी तेवढा एक खण पुरतो.

वळणाचा हिशेब

नियम एवढाच: पारात माणसं खांद्यांच्या रेषेवर मोजा, सोप्यात गुडघ्यांच्या. पारात खांदे दाटतात आणि गुडघे मोकळे, सोप्यात उलट.

समजा चार जणांच्या गप्पांसाठी आत वळलेलं अर्धवर्तुळ हवंय. पुढच्या कडेची त्रिज्या ८० सेंटिमीटर घ्या. कड भरते २५१, माणशी ६० ने चार जण. प्रत्येकाचे पाय कडेपुढे ४५ ते ५० सेंटिमीटर येतात, म्हणजे मध्ये ६५ सेंटिमीटर व्यासाचा तुकडा उरतो. कप ठेवायला एक लहान स्टूल बसेल, टेबल नाही. त्रिज्या १२० केली तर सहा जण बसतात, मध्ये सुमारे १४० सेंटिमीटर मोकळे राहतात आणि ६० सेंटिमीटरचं टेबल ठेवूनही आडवं होऊन आत शिरता येतं. पण दोन टोकांवरच्या माणसांची डोकी आता सव्वातीन मीटर लांब गेली. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी माणसांमधल्या अंतरांचं जे मोजमाप मांडलं, त्यात १.२ ते ३.६ मीटर हे कामकाजाचं अंतर, आणि त्यातला लांबचा टप्पा जास्त औपचारिक. म्हणजे ही बैठक मीटिंगची झाली, गप्पांची राहिली नाही. त्रिज्येने ४० सेंटिमीटर वाढून संभाषणाची जात बदलली.

बैठकीपुढून जाणारी वाट ९० सेंटिमीटरहून अरुंद नको, आणि ती पायांच्या पुढे मोजायची, कडेपासून नाही. वळणाच्या एका टोकाला ९० बाय १२० सेंटिमीटर जमीन रिकामी सोडा. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस घोळक्याच्या आत येऊ शकला पाहिजे, घोळक्याच्या मागे नाही.

खऱ्या मापाचा नमुना

संगणकावरच्या चित्रावर विश्वास ठेवून थेट प्लाय कापू नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पॅकिंगचा स्वस्त प्लाय मिळतो. त्याचे तीन छेद कापा, चार-पाच फळ्यांनी जोडा, वर जुनी गादी टाका. कमी खर्चात हवं असेल तर थर्मोकोलचे ठोकळे आणि करवत. यावर वेगवेगळ्या उंचीच्या किमान आठ-दहा माणसांना बसवा. पाच मिनिटं नाही, वीस. पहिली पाच मिनिटं माणूस पाहुण्यासारखा बसतो. दहाव्या मिनिटाला एक पाय वर येतो, पंधराव्याला तो पाठीच्या कडेवर चढून बसतो. तिथेही बसणारच, हे गृहीत धरून पाठीची वरची कडही पूर्ण वजन पेलेल अशी करा.

सांगाडा

आपल्याकडच्या कारखान्यांत सर्वांत सोयीची पद्धत फासळ्यांची. १८ मिलिमीटर प्लायच्या उभ्या फासळ्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कापायच्या, ३० ते ३५ सेंटिमीटर अंतरावर उभ्या करायच्या, खालीवर पट्ट्यांनी बांधायच्या आणि वर फ्लेक्सी प्लाय वाकवून ठोकायचा. होडीच्या सांगाड्यासारखंच. फ्लेक्सी प्लाय एकाच दिशेने वाकतो. दोन्ही दिशांनी वळणाऱ्या जागी त्याच्या अरुंद पट्ट्या करून शेजारी शेजारी लावा. मधल्या फटी फोमखाली झाकल्या जातात.

प्लाय किमान आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, घ्या. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट बैठकीला टेकवले जाणार, फरशी दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसली जाणार. खालच्या पट्ट्या आयएस ७१० च्या मरीन प्लायच्या केल्या तर चांगलंच, किंवा सरळ लोखंडी चौकट करून तिला प्लॅस्टिकचे पाय द्या, म्हणजे लाकूड जमिनीला लागतच नाही.

तुकडे कुठे पाडायचे हे आत्ताच ठरवा. एकदा मी २१० सेंटिमीटरचा सुरेख एकसंध तुकडा केला आणि तो लिफ्टमध्ये शिरला नाही. जिनाही वळणाचा. चौथ्या मजल्यावर दोर लावून गच्चीतून खेचावा लागला, आणि ते दृश्य बघायला सोसायटीतली अर्धी माणसं जमली होती. लिफ्टचं दार, आतली खोली, जिन्याचं वळण मोजूनच तुकडे पाडा, आणि जोड तिथे आणा जिथे आकार सर्वांत अरुंद आहे. एका तुकड्याचं वजन चार माणसांना उचलता येईल एवढंच ठेवा. १८ मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या एका शीटचंच वजन साधारण ३५ किलो असतं, हे लक्षात असू द्या.

फोम

बाजारात "चाळीस डेन्सिटी" म्हणजे कडक, असं सांगतात. तसं नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. ती टिकाऊपणा सांगते, कडकपणा वेगळा मोजतात. मऊ चाळीसही मिळतो आणि कडक बत्तीसही. फसवणूक टाळायला वजनकाटा पुरतो: एक मीटर बाय एक मीटर, १० सेंटिमीटर जाडीचा चाळीसचा तुकडा चार किलो भरला पाहिजे.

कामाच्या बैठकीला खाली २५ मिलिमीटर रीबाँडेड (तुकडे दाबून जोडलेला फोम), मध्ये ७५ मिलिमीटर एचआर (जास्त उसळी असलेला) चाळीस, वर २५ मिलिमीटर मऊ थर. पाठीला बत्तीस चालतो, जाडी निम्मी. थर कमी-जास्त करून आतला छेद आणि बाहेरचं शिल्प वेगळं ठेवता येतं; बाहेरून भरदार दिसणारा आकार आतून कडक असू शकतो. फ्रेंच डिझायनर मिशेल ड्यूकारॉय यांचा १९७३ चा तोगो सोफा तर सांगाड्याशिवाय, वेगवेगळ्या फोमच्या थरांवरच उभा आहे. घरात तो छान. रोज शंभर माणसं बसणाऱ्या जागेत मी ते धाडस करणार नाही.

पॉलियुरेथेन फोम पेटला की भडकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अग्निरोधक फोमच मागा, चाचणीचं प्रमाणपत्र मागा, आणि बाहेर पडायच्या वाटेवर बैठकीचा एकही फुगवटा येऊ देऊ नका.

कापड, जिथे बहुतेक आकार हरतात

कागद नळीभोवती गुंडाळता येतो, चेंडूभोवती नाही. कापडाचंही तेच. एका दिशेने वळणारा पृष्ठभाग सपाट कापडाने झाकता येतो. दोन दिशांनी वळणारा असेल तर एक तर ताणलं जाणारं कापड घ्यायचं, नाही तर शिवणी घालायच्या. फ्रेंच डिझायनर पियेर पोलाँ यांच्या १९६० च्या दशकातल्या खुर्च्या, मश्रूम किंवा टंग, एवढ्या गुळगुळीत दिसतात कारण त्यांनी पोहण्याच्या पोशाखासारखं चारही दिशांनी ताणणारं कापड मोज्यासारखं चढवलं.

पण फुगवट्यावर चालणारी ही युक्ती खोलगट भागात फसते. बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथे ताणलेलं कापड तळाला चिकटत नाही, तंबूसारखं वर उचललं जातं. उपाय जुना आहे: शिवणीला आतून मजबूत पट्टी शिवायची, ती फोममधल्या चिरेतून मागे ओढायची आणि सांगाड्याला ठोकायची. ही चीर कुठे येणार हे फासळ्या कापतानाच ठरवावं लागतं. म्हणून सोफ्याच्या कारागिराला शेवटी बोलावू नका, छेद काढताना शेजारी बसवा. माझ्या कारागिराने एकदा चित्र बघून एवढंच विचारलं, "साहेब, इथं टाका कुठून घालू?" तो आकार मी त्याच दिवशी बदलला.

शिवणी ठरवायला फोम चढवलेल्या आकाराभोवती खाऊ गुंडाळायची प्लॅस्टिकची पातळ फिल्म लपेटा, वरून मास्किंग टेप चिकटवा, मार्करने रेषा काढा आणि त्या रेषांवर कापा. तुकडे सपाट पडले तर शिवणी बरोबर. एखादा सुरकुतला तर तिथे आणखी एक शिवण लागणार. मांडीखाली आणि टाचेजवळ शिवण नको.

घासण्याची मार्टिनडेल चाचणी किमान ४०,००० फेऱ्यांची असावी, वर्दळीच्या जागी एक लाखाच्या आसपास. बैठकीचं कापड पाठीपासून वेगळं ठेवा आणि चेनने निघेल असं करा, कारण बैठक आधी खराब होते. त्याच रंगाच्या लॉटमधलं थोडं कापड जादा घेऊन ठेवा. पांढरट, बेज रंग चित्रात छान दिसतात. पण दुपारी एक वाजता डबे उघडतात आणि आमटीतली हळद कुणाचं ऐकत नाही. दोन-तीन छटांचं मिश्र विणकाम डाग लपवतं. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कृत्रिम चामडं आपल्या दमट हवेत काही पावसाळ्यांनी सोलायला लागतं. शिवाय ते आवाज परत फेकतं. जाळीदार विणीच्या कापडातून आवाज फोमपर्यंत जातो आणि खोली थोडी शांत होते.

वीज

सॉकेट फोममध्ये कधीही बसवू नका. फासळ्यांमध्ये धातूची पेटी, तारा धातूच्या नळीतून, आणि पेटीचं झाकण बाहेरून उघडणारं. जागा मांडीच्या बाजूला, दोन माणसांच्या मध्ये. पायाजवळ दिली तर लोक वाकून शोधतात आणि तारेत अडकून पडतात. यूएसबीची पट्टी बदलता येणारी घ्या, दर काही वर्षांनी तिचा आकार बदलतो.

महिन्याभराने परत जा

तेच ठिपके पुन्हा मारा. कुठलं कापड चमकायला लागलंय, कुठला खण कायम रिकामा आहे, कुणी टेबल कुठे सरकवलंय. बाणेरची ती बैठक मी नंतर दुरुस्त केली: फुगलेल्या बाजूवर खांद्यांच्या अंतराने पाठीत उथळ खाचा पाडल्या, म्हणजे सहाच माणसांची आहे हे तिने स्वतःच सांगावं, आणि पाठीमागे कुंडीच्या बाजूने हेल्मेटांसाठी सहा कप्पे केले. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा पाचांत हेल्मेटं होती, आणि सहाव्यात कुणीतरी डबा ठेवून कुलूप लावलं होतं.